चर्चच्या चिखलाचा परवाना

आमच्या गावातली माणसं खोटं बोलत नाहीत. दुकानातून डझनाला चुकून तेरा अंडी आली, तर तेरावं अंडं परत नेऊन देणारी ही माणसं. एकदा कुणीतरी माझ्या उभ्या गाडीला घसटा मारून गेलं, तर काचेवर नाव, फोन नंबर आणि क्षमायाचना, शिवाय बॉनेटवर घरच्या जॅमची बाटली.

अपवाद एकच, पाऊस. इथे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात प्रत्येक कुंपणाला पाऊस मोजायची एक काचेची नळी असते, आणि रोज सकाळी सात वाजता कॅफेतल्या गोल टेबलावर जो तो आपल्या नळीचा हिशेब सांगतो. इंचाचे शंभर भाग धरायचे आणि नुसता आकडा टाकायचा. एक म्हणतो, "चाळीस." दुसरा म्हणतो, "आमच्याकडे पंचेचाळीस." तिसऱ्याकडे पन्नासच्या खाली पडणं शक्यच नसतं. सगळ्यात शेवटी डेल्मर हार्म्स कप खाली ठेवतो, खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "पासष्ट." डेल्मरवर देवाचं आधीपासूनच जरा जास्त लक्ष आहे, असं आम्ही सगळे धरून चालतो.

मला मात्र कुणी कधी विचारलं नाही. मी, वेंडेल ग्रोथे, एकतीस वर्षं इथल्या शाळेत बँड शिकवला. या टेबलावरच्या निम्म्या लोकांना ट्रम्पेट कुठल्या बाजूने फुंकायचं ते मी सांगितलं. पण शेत नसलेल्या माणसाच्या अंगणात पडतो तो पाऊस नसतो, नुसता ओलावा असतो. माझ्या कुंपणावरही नळी होती, बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेली. तिचा आकडा मी फक्त बायकोला सांगायचो, आणि बायको म्हणायची, "बरं."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे रामायण झालं ते याच दुखण्यातून झालं.

दर ऑक्टोबरात आमच्या चर्चचं मोठं जेवण असतं. पाचशे माणसं, टर्की, कुस्करलेले बटाटे, आणि आर्डिसबाईंचे दालचिनीचे रोल. आर्डिसबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याऐंशी. साठ वर्षं त्या हे रोल करताहेत आणि साठ वर्षं तेच सगळ्यात आधी संपतात. जेवण होतं चर्चच्या तळघरात आणि तळघराला चौदा पायऱ्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑक्टोबरात त्यांनी रोल केले, मी ते खाली पोचवले, आणि त्या स्वतः चर्चच्या आवारात गाडीत बसून राहिल्या, मांडीवर कागदी ताट घेऊन. येणारेजाणारे काचेवर टकटक करून "रोल झकास झालेत हं, आर्डिस!" म्हणत होते आणि त्या मान हलवत होत्या. माझी बायको लव्हॉन त्या संध्याकाळी एकदाही गाडीच्या दिशेने बघू शकली नाही. मी मात्र बघितलं.

म्हणून जानेवारीतल्या सभेत मी उठून उभा राहिलो. "पुढच्या ऑक्टोबरात आर्डिसबाई आत बसून जेवतील," मी म्हणालो. "एकही पायरी नसलेल्या नव्या हॉलमध्ये. हा माझा शब्द!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्याकडे टाळ्या पडल्या की काम टाळ्या न वाजवणाऱ्याच्या गळ्यात पडतं, आणि टाळ्या न वाजवणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

सासूबाई घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "बोलतोस छान. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचंही असंच बोलला होतास."

हॉल पाऊण एकरात आरामात बसत होता. मग सूचना आल्या. डेल्मर म्हणाला, ट्रक वळायला जागा ठेवा. बायकांच्या मंडळाने फुलांचे वाफे मागितले. तरुण मंडळींना बास्केटबॉलची जागा हवी होती, म्हाताऱ्यांना बाकं हवी होती, आणि बाकं बास्केटबॉलपासून लांब हवी होती. ठेकेदाराने सगळं कागदावर मांडलं, उकरलेल्या मातीचा ढीगही धरला आणि डोकं खाजवलं.

"एक एकराच्या थोडं वर गेलंय," तो म्हणाला. "एक एकराच्या वर माती उघडी केली की राज्याचा परवाना लागतो."

"कसला?"

"चिखलाचा. पाऊस पडला की तुमच्या जागेवरची माती वाहून ओढ्यात जाते ना, ती जाऊ नये म्हणून."

तेव्हा काहीतरी कमी करणं आलं. दुसऱ्या कुठल्या गावात यावर भांडणं झाली असती, आणि भांडणाने प्रश्न सुटला असता. आमच्याकडे सभ्यपणा आडवा आला. बायकांचं मंडळ म्हणालं, "आमचे वाफे काढा." डेल्मर म्हणाला, "छे छे, वाफे कसे काढायचे? माझी ट्रकची जागा काढा." तरुण म्हणाले, "ट्रकची जागा राहू दे, आमचं बास्केटबॉल काढा." म्हाताऱ्यांनी बाकं देऊ केली, तर सगळे त्यांच्या अंगावर धावून गेले, प्रेमाने. दोन तास प्रत्येकाने आपलं काढायला सांगितलं आणि बाकीच्यांनी ते काढू दिलं नाही. शेवटी ताटातला शेवटचा केकचा तुकडा जसा आमच्याकडे कुणीच घेत नाही आणि तो तिथेच वाळतो, तसा नकाशा होता तसा राहिला. मी परवाना काढायचं ठरलं.

फॉर्म संगणकावर होता. पहिली दोन पानं मी शिट्टी वाजवत भरली. तिसऱ्या पानावर प्रश्न आला, "आपल्या जागेवरील पाणी कोणत्या जलप्रवाहास मिळते?" चर्चच्या मागे एक ओढा आहे. त्याला नाव काय, हे मी कॅफेत विचारलं आणि माझी चूक झाली.

"हार्म्सचा ओढा," डेल्मर म्हणाला.

"काहीतरीच काय," पलीकडचा एक जण म्हणाला. "तुझ्या बापाचा ट्रॅक्टर त्यात बुडाला म्हणून काय ओढा तुमचा झाला?"

यावर तीन दिवस चर्चा चालली. फॉर्म जागा कोरी ठेवू देईना. शेवटी मी खात्याला फोन केला. अर्धा तास संगीत ऐकवून झाल्यावर एक बाई शांतपणे म्हणाली, "नाव नसेल तर 'अनामिक उपप्रवाह' लिहा." मी लिहिलं. ही बातमी गावात गेल्यावर डेल्मर माझ्याशी एक आठवडा हवामानाशिवाय काही बोलला नाही.

पुढची पायरी म्हणजे वर्तमानपत्रात जाहीर सूचना. सरकारी मजकूर मी जसाच्या तसा दिला: सदर चर्च आपल्या जागेवरील पावसाचे पाणी सार्वजनिक प्रवाहात सोडू इच्छिते, कुणाची हरकत असल्यास कळवावी. गुरुवारी पेपर आला आणि सासूबाईंचा फोन वाजायला लागला.

"आर्डिस, तुझा जावई चर्चमधून ओढ्यात काय सोडणार आहे गं?"

"विचारते," सासूबाई म्हणाल्या, "पण त्याला तरी माहीत असेल असं वाटत नाही."

रविवारी प्रवचनाआधी आमच्या पास्टर ग्वेननी खुलासा केला, की चर्चला घाण करायचा परवाना मिळत नसून घाण न करण्याचा परवाना मिळतो आहे. मागच्या बाकावरून डेल्मरने हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू, विचारलं, "न करायला परवाना कशाला लागतो?" पास्टर ग्वेननी लगेच भजन सुरू केलं.

परवान्याबरोबर एक जाडजूड आराखडाही करावा लागतो, आणि जबाबदार माणसाला दोन दिवसांचा वर्ग करावा लागतो. मी केला. चिखलाचे किती प्रकार असतात हे या वयात कळलं. वर्ग संपल्यावर माझा फोटो असलेलं एक कार्ड मिळालं. ते मी पाकिटात ड्रायव्हिंग लायसन्सच्या पुढे ठेवलं. आमच्या लव्हॉनचं म्हणणं असं, की त्या आठवड्यात किराणा दुकानात पैसे देताना माझ्या हातातून ते कार्ड तीन वेळा खाली पडलं. पडलं असेल.

मे महिन्यात परवाना हातात आला आणि काम सुरू झालं. जागेभोवती गुडघ्याएवढं काळ्या कापडाचं कुंपण, माती अडवायला. डेल्मर ते बघून म्हणाला, "ससे नाही का उडी मारणार?" फाटकाशी एक टपालपेटी खांबावर लावली. तिच्यात परवाना, आराखडा आणि माझी नोंदवही, तपासनीस आला तर त्याला बघायला. आमचा पोस्टमन कर्तव्यदक्ष असल्यामुळे पेटी दिसताच त्याने तिच्यात टपाल टाकायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत चिखलाच्या नावाने श्रवणयंत्रांच्या दोन जाहिराती आल्या.

नियम साधा होता. दर सात दिवसांनी कुंपणाभोवती फेरी मारून नोंद करायची, आणि अर्ध्या इंचाच्या वर, म्हणजे पन्नासच्या वर पाऊस पडला, तर चोवीस तासांच्या आत जादा फेरी. त्यासाठी जागेवर पाऊस मोजायची नळी हवी. ही नळी माझी. फुकटची नाही, चांगली, जाड काचेची. राज्य सरकारच्या कायद्याने जिच्याकडे डोळे लावले आहेत अशी गावातली एकमेव नळी. खोटी नोंद केल्यास दंड आणि तुरुंगवास, असं फॉर्मवर छापलेलं होतं आणि खाली माझी सही होती.

जूनमधल्या एका सोमवारी पहाटे पाऊस पडला. मी साडेसहाला नळी बघितली. बेचाळीस. पन्नासच्या आत. वहीत लिहिलं, "बेचाळीस. जादा तपासणीची गरज नाही." आणि कॅफेत गेलो.

टेबलावर नेहमीचं चाललं होतं. पंचेचाळीस, पन्नास, बावन्न. डेल्मरने कप ठेवला, बाहेर बघितलं. "पासष्ट." आणि मग, एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत जे कधी झालं नव्हतं, ते झालं. डेल्मर माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रे वेंडेल, तुझ्या त्या सरकारी नळीत किती?"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. कॉफी ओतणारी बाईसुद्धा थांबली. खरं सांगतो, मी 'बेचाळीस' म्हणायलाच तोंड उघडलं होतं.

"सत्तर," मी म्हणालो.

कुणीतरी शीळ घातली. डेल्मरने मान तुकवली. हरल्याची नव्हे, आपल्यातल्याला ओळखल्याची. त्या दिवशी कॉफीचा दुसरा कप मला इतका गोड लागला की मी साखर घातली नव्हती हे नंतर लक्षात आलं.

मंगळवारी जागेवर गेलो तर टपालपेटीपाशी एक तरुण बाई उभी होती. पायात गमबूट, हातात माझी वही. "कोरिन डॉब्स," ती म्हणाली. "राज्याच्या पर्यावरण खात्याकडून. मिस्टर ग्रोथे, काल सकाळी मी कॅफेत कोपऱ्यात ऑम्लेट खात होते."

माझ्या पायाखालची, परवान्यात नोंदवलेली, जमीन सरकली.

"तुम्ही सत्तर म्हणालात. इथे बेचाळीस लिहिलंय. सत्तर खरं असेल तर नोंद खोटी आहे आणि तपासणी झालेली नाही. बेचाळीस खरं असेल तर..." तिने पुढचं वाक्य सौजन्याने सोडून दिलं.

"बेचाळीसच खरं आहे," मी म्हणालो. "कॅफेत मी खोटं बोललो."

"का?"

याचं उत्तर शहरात वाढलेल्या माणसाला कसं द्यायचं? मी प्रयत्न केला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझी अडचण समजून घ्या. तोंडी खोटं बोललो असं सांगणाऱ्या माणसाच्या लेखी नोंदीवर मी कसा विश्वास ठेवू? दुसरी कुणाची नोंद आहे जवळपासची?"

जवळ शेत डेल्मरचं. आम्ही दोघं गेलो. तो गोठ्याच्या दाराशी उभा होता. "डेल्मर," मी जवळजवळ हात जोडून म्हणालो, "सोमवारी तुझ्याकडे खरोखर किती पडला?"

डेल्मरने कोरिनबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. आतल्या आत त्याची काय ओढाताण झाली ते मला दिसत होतं.

"पासष्ट," तो म्हणाला.

निकाल लागला. कोरिनबाईंनी उलगडा होईपर्यंत काम थांबवायचा कागद लिहून दिला. गुरुवारी काँक्रीट ओतायचं होतं. ठेकेदार फोनवर म्हणाला, गुरुवार चुकला तर त्याची माणसं दुसऱ्या कामावर जाणार, ती ऑगस्टच्या शेवटी मोकळी होणार, आणि मग ऑक्टोबरात छप्पर होईल असं मनातही आणू नका.

सासूबाई चर्चच्या समोरच, रस्त्यापलीकडे राहतात. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून गेलो. त्या कणीक मळत होत्या. मी सगळं सांगितलं. कार्डाचं सांगितलं, सत्तरचं सांगितलं. "आर्डिसबाई, हॉल नाही होत यंदा. मी शब्द दिला होता तुम्हाला, आणि एका आकड्यासाठी घालवला. मला माफ करा." माझा आवाज जरा फाटला. शिक्षकाचा आवाज असा फाटू नये.

त्यांनी हात पुसले. "किती पडला म्हणालास खरा?"

"बेचाळीस."

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "तुझी नळी रस्त्याच्या पलीकडे आहे, एखादा थेंब जास्त पडला असेल."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. धान्याच्या कोठारवाल्यांचं कॅलेंडर. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक आकडा. सोमवार, एक्केचाळीस. मागच्या दारापासून सात पावलांवर कपडे वाळत घालायच्या खांबाला त्यांची नळी होती. मी ती हजारदा बघितली असेल, पण खांबाचाच भाग समजून.

"केव्हापासून लिहिताय हे?"

"लव्हॉन पोटात होती तेव्हापासून. बासष्ट वर्षं झाली. सगळी कॅलेंडरं पलंगाखाली आहेत."

"आणि कधी बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा कणकेला लागल्या.

मी कोरिनबाईंना घेऊन आलो. वाटेत डेल्मरची गाडी आमच्या मागे लागली. सकाळपासून त्याला जेवण गेलं नव्हतं, असं त्याची बायको नंतर म्हणाली. स्वयंपाकघरात कोरिनबाईंनी कॅलेंडर बघितलं, मग मागच्या वर्षीचं मागितलं, मग त्याच्या मागचं. खात्याचं काम विसरून ती बाई पलंगाखालच्या खोक्यांपुढे मांडी घालून बसली. "एकही दिवस सुटलेला नाही," ती म्हणाली. "आमच्या खात्याकडेसुद्धा असं नाही. हे त्र्याण्णव साल, पुराचं. या जुलैत इथे किती पडला होता?"

"मी सांगते," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्या दिवशी कॅफेत डेल्मरने किती सांगितला होता तेही समासात लिहिलंय."

दारात उभ्या असलेल्या डेल्मरचा चेहरा पांढरा पडला. समास! साठ वर्षांचे समास!

"त्यावरून आठवलं," तो घाईघाईने म्हणाला, "माझ्या नळीचा खांब जरा वाकलाय. गाय अंग घासते त्याला. पासष्ट दिसत असेल, पण चाळीसच्या आसपासच असणार. चाळीसच. लिहून घ्या बाई, चाळीस."

कोरिनबाईंनी लिहून घेतलं. बुधवारी कामबंदीचा कागद रद्द झाला आणि गुरुवारी काँक्रीट पडलं. कॅफेत मात्र पुढचा महिनाभर पाऊस इतका कमी पडला की नवख्या माणसाला दुष्काळ वाटावा.

ऑक्टोबरात हॉल तयार होता. रंगाचा वास होता आणि एका दाराला कडी नव्हती, पण पायरी एकही नव्हती. सासूबाई वॉकर घेऊन स्वतः आत आल्या, निळा ड्रेस घालून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते सगळे उठून उभे राहिले. लव्हॉनने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. सासूबाई खुर्चीत बसल्या, छताकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "खिडक्या उंच झाल्या जरा." मग रुमालाने नाक पुसलं.

परवाना अजून चालू होता. मातीवर गवत पुरतं उगवेपर्यंत तो संपत नाही. त्या सकाळीच पाऊस पडला होता. माझ्या नळीत अडतीस. रोल आणायला गेलो तेव्हा सासूबाईंच्या कॅलेंडरवरही मी अडतीसच बघितलं होतं. कोरिनबाईंनाही जेवायला बोलावलं होतं. त्या डेल्मरच्या शेजारी बसून तिसरा रोल खात होत्या.

सवय वाईट. डेल्मरने कप खाली ठेवला, उंच खिडकीबाहेर बघितलं, म्हणाला, "आज सकाळी पास..." त्याचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. "...पस्तीस-चाळीस असेल," त्याने वाक्य संपवलं. मग टेबलावरचं संकट दुसऱ्याकडे ढकलावं म्हणून मला विचारलं, "तुझ्याकडे रे, वेंडेल?"

मी सुधारलेला माणूस होतो. 'अडतीस' म्हणायला तोंड उघडलं.

"सत्तर," सासूबाई म्हणाल्या.

काटे हवेत राहिले.

"माझ्या जावयाच्या नळीत सत्तर पडला," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "गावात सगळ्यात जास्त. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाला काही म्हणायचं नव्हतं. साठ वर्षांचे समास ज्या बाईच्या पलंगाखाली आहेत तिला कोण काय म्हणणार? डेल्मरने माझ्याकडे बघून टोपी उचलली. मी खाली बघून बटाटे ढवळत राहिलो, कारण मला नीट दिसत नव्हतं.

कोरिनबाईंनी बोटं चाटली. "सत्तर म्हणजे पन्नासच्या वर," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मिस्टर ग्रोथे, चोवीस तासांत जादा तपासणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गमबूट घालून न पडलेल्या पावसासाठी सगळ्या कुंपणाभोवती फेरी मारली. कुठेही माती सुटली नव्हती. मग टपालपेटीतून श्रवणयंत्राची जाहिरात बाजूला करून वही काढली आणि कायद्याला स्मरून खरं ते लिहिलं. पाऊस, अडतीस. जादा तपासणी केली. पुढे तपासणीच्या कारणाचा रकाना होता. त्यात लिहिलं, "सासूबाईंचा शब्द."